ब्याण्णवच्या आत

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांची गॅरेजं बघत फिरलं, तर बहुतेकांत गाडी सोडून सगळं सापडतं: गेल्या वर्षीच्या गणपतीचं मखर, कॉस्टकोतून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, मुलांना लहान झालेल्या सायकली. उरलेल्यांत टेस्ला असते आणि ती चार्ज होत असते. पण फ्रीमॉन्ट म्हणा, सनीव्हेल म्हणा, प्रत्येक गावात एखादं गॅरेज असं निघतं, की जिथे दोन माणसांपुरती छोटी गाडी चार स्टँडवर उचलून ठेवलेली असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. आतून मधूनच ‘हां, आता बसलं’ असं ऐकू येतं, मग काहीतरी लोखंडी खाली पडतं, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. हा गृहस्थ गाडीचा आवाज कमी करत असतो.

गंमत अशी, की ही गाडी मुळात आवाज करतच नव्हती. १९८९ साली माझ्दाने मियाटा बाजारात आणली तेव्हापासून ती एक सालस, हसऱ्या चेहऱ्याची गाडी म्हणून प्रसिद्ध आहे. हिचा कारखान्यातून आलेला सायलेन्सर इतका सज्जन, की शेजाऱ्यांना ती आली-गेलेली कळू नये. ती विकत घेतल्यावर पहिल्याच शनिवारी या गृहस्थाने तो सायलेन्सर काढला. कारण विचारलं तर वजन सांगितलं. त्या जागी सरळ आरपार नळीचा हलका डबा आला, आणि संध्याकाळी गाडी सुरू झाल्यावर बायको दारात येऊन म्हणाली, ‘‘बिघडली का रे?’’ त्या आवाजाला त्याने पैसे मोजले होते हे त्याने तिला सांगितलं नाही. त्याहून जास्त पैसे तो आवाज घालवायला लागणार आहेत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

तसं बघितलं तर हा जुना पापी. सांगलीला कॉलेजात असताना यानेच यामाहा आरएक्स १००च्या सायलेन्सरमधली पुंगळी काढून टाकली होती. पुंगळी काढलेली गाडी गल्लीत शिरली, की कुणाचा मुलगा घरी आला ते अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि वडिलांना सगळ्यात आधी. हा छंद महाराष्ट्रात आजही जोरात आहे, फक्त आरएक्सची जागा बुलेटने घेतली. पोलीस असे सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. पुण्यातल्या अशा कारवाईचा व्हिडिओ याला मित्रांपैकी कुणी ना कुणी पाठवतंच. पूर्वी तो त्यावर हसायचा. आता तो रोडरोलरच्या बाजूने असतो.

हा बदल घडवला लगूना सेकाने.

माँटरेजवळच्या टेकड्यांतला हा रेस ट्रॅक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या गाडीवेड्यांचं पंढरपूर. याच भागात १९५० ते १९५६ या काळात पेबल बीचच्या पाइनच्या झाडांमधून शर्यती व्हायच्या. १९५६मध्ये अर्नी मॅकॅफी हा चालक झाडावर आदळून गेला आणि रस्त्यावरच्या शर्यती थांबल्या. मग गावातल्या मंडळींनी पैसे जमवले, फोर्ट ऑर्डच्या लष्करी जमिनीवर ट्रॅक बांधला आणि १९५७च्या नोव्हेंबरात पीट लव्हली नावाच्या गृहस्थाने फेरारी टेस्टा रोसा पिटाळत तिथली पहिली मोठी शर्यत जिंकली. तिथलं ‘कॉर्कस्क्रू’ नावाचं वळण जगभर ठाऊक आहे. साडेचारशे फुटांच्या आत रस्ता जवळजवळ सहा मजले खाली कोसळतो, आणि तोही आधी डावीकडे, मग उजवीकडे वळत. गाडी वळणाच्या माथ्यावर आली, की चालकाला पुढे फक्त आकाश दिसतं.

पण आपल्या गृहस्थाला कॉर्कस्क्रूची भीती नाही. त्याची छाती धडधडते ती त्याच्या बरीच आधी, पाचव्या वळणानंतरच्या चढावर. तिथे ट्रॅकच्या कडेपासून पन्नास फुटांवर एक मायक्रोफोन उभा असतो.

ट्रॅक बांधला तेव्हा भोवती ऐकायला फारसं कुणी नव्हतं. पुढे सलिनास आणि माँटरेला जोडणाऱ्या हायवे ६८च्या आसपास घरं होत गेली, जमीन १९७४मध्ये काउंटीकडे आली, आणि काउंटी म्हटलं की मतदार आले. आज तिथे हौशी चालकांच्या बहुतेक दिवसांना ९० किंवा ९२ डेसिबलची मर्यादा असते. ऑगस्टमधल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासारखे मोजकेच दिवस मोकळे. त्या दिवसांत साठ वर्षांपूर्वीच्या व्ही-८ गाड्या टेकड्या हलवून सोडतात आणि आपला गृहस्थ तिकीट काढून कुंपणापाशी उभा राहतो. बाहेरून. डोळ्यांत पाणी आणून. इतरांच्या आवाजाला परवानगी आणि आपल्याला नाही, यात अन्याय आहे असं त्याला वाटतं. पण हा अन्याय ऐकायला फार गोड लागतो, त्यामुळे तो तक्रार करत नाही.

पहिल्याच दिवशी, तिसऱ्या फेरीत, झेंडेवाल्याने त्याच्या गाडीचा नंबर दाखवून काळा झेंडा फडकवला. शर्यतीच्या जगात काळा झेंडा म्हणजे हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावणं. पिटमध्ये एका शांत आवाजाच्या आजोबांनी कागद पुढे केला. त्यावर ९३.४ असा आकडा होता. बहुतेक आयोजकांचा शिरस्ता असा, की पहिल्यांदा समज देतात, दुसऱ्यांदा दुरुस्त करून या म्हणतात, तिसऱ्यांदा गाडी ट्रेलरवर. दुपारी दोनपर्यंत याचे तिन्ही झाले होते.

रात्री सांगलीहून आईचा फोन आला.

‘‘काय रे, झाली का तुझी शर्यत?’’

‘‘शर्यत नव्हती गं. नुसती चालवायची होती. घरी पाठवलं.’’

‘‘का?’’

‘‘त्र्याण्णव पॉइंट चार आले म्हणून.’’

‘‘अगं बाई! त्र्याण्णवला कुणी घरी पाठवतं का? तू त्यांना सांगायचंस, पेपर पुन्हा तपासा म्हणून.’’

आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्याने खरोखरच पुन्हा तपासायला सांगितलं होतं. आजोबांनी त्याला मायक्रोफोन कधी कॅलिब्रेट केला ते शांतपणे दाखवलं, आणि वर म्हणाले, ‘‘तुमच्यासारखे रोज येतात.’’

त्या रात्रीपासून हा माणूस ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी झाला. कॉलेजात याच विषयाला त्याची एटीकेटी लागली होती. आता मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन, समोर सापडेल त्याला तो लॉगॅरिदम समजावतो. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. आवाजाची शक्ती दुप्पट झाली की आकडा फक्त तीनने वर जातो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात. म्हणजे ९५चे ९२ करायचे, तर पाइपातून बाहेर पडणाऱ्या आवाजाची निम्मी शक्ती मारावी लागते, आणि एवढं करूनही ऐकणाऱ्याला धड फरक कळत नाही. ‘‘म्हणजे खर्च सगळा करायचा आणि कुणाला कळायचं नाही!’’ एक काकू म्हणाल्या. त्यांनी नुकतंच स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं होतं, त्यामुळे त्यांना विषय पटकन समजला.

मंडळात त्याला ‘ब्याण्णव’ म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला माहीत आहे, आणि मनातून त्याला ते आवडतं.

या अभ्यासातून त्याला काही सवलती सापडल्या. एक तर अंतर: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. मायक्रोफोन हलवता येत नाही, पण ट्रॅकची रुंदी आपली असते. त्यामुळे पाचव्या वळणानंतर तो मायक्रोफोनपासून दूरची कड धरतो. त्या कडेने गाडी चालवणं वेगाच्या दृष्टीने निव्वळ चुकीचं आहे, हे त्याच्या प्रशिक्षकाने त्याला अनेकदा समजावलं. प्रशिक्षक बिचारा वेळ मोजत होता.

दुसरी सवलत जास्त चविष्ट. ट्रॅकवरचे मीटर ‘ए-वेटेड’ असतात, म्हणजे माणसाच्या कानाला कुठला स्वर किती टोचतो त्याप्रमाणे ते आकड्याला कात्री लावतात. १०० हर्ट्झच्या जाड, खर्जातल्या आवाजाला सुमारे १९ डेसिबलची माफी मिळते. दोन-चार हजार हर्ट्झच्या कर्कश आवाजाला एक पैशाची नाही. थोडक्यात, गाडी घुमली तर चालेल, किंचाळली तर नाही. हे कळल्यापासून तो पाइपाच्या टोकाला कान लावून ‘वरचा सा फार येतोय’ अशी भाषा करू लागला. घरात तानपुरा लावणारी बायको आहे. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

तिसरी गोष्ट सवलत नव्हे, सबब आहे; पण शास्त्रशुद्ध सबब. सारख्याच आवाजाच्या दोन गाड्या मायक्रोफोनसमोरून जोडीने गेल्या, तर आकडा तीनने वाढतो. प्रत्येकी ९०ची, निष्पाप. दोघी मिळून ९३, गुन्हेगार. काळा झेंडा मिळालेला प्रत्येक चालक पिटमध्ये शिरतो तो हेच सांगत, की शेजारून कोणीतरी जात होतं. आजोबांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते चालकाने हेल्मेट काढायच्या आधीच मान हलवतात.

सबबी संपल्या की वेल्डरकडे जावं लागतं.

सायलेन्सरची मुळात दोन घराणी. एकात आतली नळी भोकाभोकांची असते आणि भोवती काचेच्या तंतूंचं किंवा पोलादी लोकरीचं भरण ठासलेलं असतं. आवाज त्यात शिरतो, घासला जातो, उष्णता होऊन संपतो. दुसऱ्यात कप्पे असतात. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून मागे फिरतात आणि समोरून येणाऱ्या लाटांशी टक्कर घेऊन एकमेकींना मारतात. पहिलं घराणं वायूला फारसं अडवत नाही, पण त्याचं भरण जळतं, उडून जातं, आणि मार्चमध्ये ८९ मोजलेली गाडी सप्टेंबरमध्ये ९३ला पोचते. मग डबा उघडून नवं भरण भरायचं. काचेचे तंतू हाताला लागले की दोन दिवस खाज सुटते. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी मनगट खाजवणारा माणूस दिसला, तर त्याच्या येत्या रविवारचा बेत ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

यानंतर येते ती चौथाई लाटेची नळी. ही याची खास आवड, कारण तिथे गणित आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्यातून सेकंदाला २०० ठोके बाहेर पडतात. पाइपातला वायू ५०० अंशांवर असेल, तर त्यात आवाज सेकंदाला साधारण ५५७ मीटर धावतो. म्हणजे लाटेची लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास, आणि तिची चौथाई सुमारे ७० सेंटीमीटर. एवढ्या लांबीची, एका टोकाला बंद केलेली नळी मुख्य पाइपाला फांदीसारखी जोडली, की तिच्यात शिरलेली लाट टोकावर आपटून परत येते ती नेमकी अर्धा झोका उशिरा, आणि मूळ आवाजाला गिळते. हे सगळं त्याने एक्सेलमध्ये मांडलं, वेल्डरला आकृती काढून दिली. नळी बसली, आणि ६००० फेऱ्यांना गाडी खरोखर गप्प झाली. ६८००ला मात्र ती पूर्वीइतकीच बोलत होती. चढावर त्याची गाडी ६८००ला असते.

वेल्डर मेक्सिकन. त्याने या गृहस्थाला एकदाही नाउमेद केलं नाही. दुसरा सायलेन्सर बसवू? बसवू. मधे रेझोनेटर? घालू. टोकाला पाइप वाकवून तोंड मायक्रोफोनच्या विरुद्ध बाजूला, जमिनीकडे? हे तर तो डोळे मिटून करतो, कारण लगूनाला जाणाऱ्या निम्म्या गाड्यांना ते वाकडं तोंड असतं. या वाकड्या तोंडाने एक-दोन डेसिबल वाचतात. कधी कधी तेवढेच हवे असतात. ट्रॅक सोडून इतर कुठे ही गाडी दिसली, की लोकांना वाटतं, अपघातात पाइप वाकला असावा.

शेवटचा उपाय म्हणजे पाइपाच्या तोंडात बोल्टने बसवायची बारीक भोकाची नळी. सकाळी बसवायची, संध्याकाळी काढायची. आवाज धाडकन खाली येतो, इंजिनाची ताकदही खाली येते, कारण वायूला बाहेर पडायला जागाच उरत नाही. ती नळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा तो बराच वेळ बघत बसला. ती पुंगळी होती. सांगलीत मेकॅनिकला वीस रुपये देऊन काढायला लावली होती ती. फ्रीमॉन्टमध्ये ऐंशी डॉलर देऊन परत बसवत होता.

आणि हे सगळं करूनही आकडा ९२.३ आला, तर उरतो तो पाय. मायक्रोफोनसमोर आलं की रेस सोडायची, किंवा वरचा गिअर टाकून इंजिनाचे फेरे उतरवायचे, आणि मायक्रोफोन मागे पडला की पुन्हा दाबायची. चढावर, ऐन जोरात, चाळिशीतला माणूस रात्रीचा शेवटचा शो बघून आलेल्या पोराने वडिलांच्या खाटेजवळून चपला हातात घेऊन जावं तसा त्या मायक्रोफोनजवळून जातो. अर्धा सेकंद जातो. तो अर्धा सेकंद वाचवण्यासाठी त्याने आधी तो हलका डबा घेतला होता, मग टायर, मग स्प्रिंगा.

त्याच्या सोबतीला पिटमध्ये एक छोटी दुःखी जमात असते. माझ्दाच्याच आरएक्स-७चा मालक त्यांतला सगळ्यात बिचारा. तिच्या वँकेल इंजिनात नेहमीसारखे व्हॉल्व्ह नसतात. फिरता त्रिकोण धुराड्याचं भोक एकदम उघडतो, तापलेला वायू झटक्यात सुटतो, आणि वर तो इतका गरम असतो, की सायलेन्सरमधलं भरण महिनोन्‌महिने टिकत नाही. टर्बोवाले त्या मानाने सुखी, कारण टर्बोचं चाक आवाजाचे ठोके आधीच दळून टाकतं. ते खुर्च्या टाकून सँडविच खात इतरांना सल्ले देतात. महागड्या पोर्शेवाल्यांची तऱ्हा वेगळी. गाडी कारखान्यातून आली तशीच आहे, एक स्क्रूही हलवलेला नाही, आणि तरी काठावर पास होते. मग हे लोक तिची धुराड्यातली झडप बंद कशी ठेवायची याची खलबतं करतात. आणि अलीकडे टेस्लावाले येतात. त्यांचा फक्त टायरांचा आवाज. आजोबा मीटरकडे बघतही नाहीत. टेस्लावाल्याशी या जमातीतलं कुणी बोलत नाही, असं नाही, हवामानाबद्दल बोलतात.

ब्याण्णवला जगात इतरत्र काय चाललंय याची खडान्‌खडा माहिती आहे. लोक रणजीचे स्कोअर पाठ करतात, याला खटले पाठ आहेत. इंग्लंडमध्ये गाडी ट्रॅकवर सोडण्याआधीच उभी करून मोजतात: धुराड्याच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरून, इंजिन कमाल फेऱ्यांच्या पाऊण भागावर रेटत. त्यात पास झालात तरी बेडफर्डच्या ट्रॅकवर जाता जाता ८७.५ची दुसरी चाळणी असते. ‘‘साडेसत्त्याऐंशी!’’ तो म्हणतो, आणि समोरचा हळहळला नाही तर पुन्हा म्हणतो.

यॉर्कशरमधल्या क्रॉफ्टच्या ट्रॅकशेजारी राहणाऱ्या कुटुंबाने दावा लावला, दीड लाख पौंडांच्या घरात भरपाई मिळवली, आणि २००९मध्ये अपील कोर्टाने गोंगाटाचे दिवस वर्षाला ४०वर आणले. हॉलंडमध्ये झँडफोर्टला फॉर्म्युला वन परतली २०२१मध्ये, पण खऱ्या मोठ्या आवाजाचे दिवस वर्षात बाराच. अमेरिकेत कनेटिकटमध्ये लाइम रॉक पार्क नावाचा देखणा ट्रॅक आहे. १९५९मध्ये शेजारी कोर्टात गेले, आणि तेव्हापासून तिथे रविवारी शर्यत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये रविवारच्या बंदीवर पुन्हा शिक्का मारला. रविवारी तिथे जुन्या गाड्या रांगेत उभ्या करून प्रदर्शन भरतं. गाड्या आहेत, माणसं आहेत, ट्रॅक आहे, फक्त किल्ली फिरवायची नाही.

त्याचा लाडका खटला मात्र सफकमधल्या मिल्डनहॉलचा. तिथलं स्टेडियम सत्तरच्या दशकापासून मोटारसायकलींनी दणाणत होतं. एका जोडप्याने २००६मध्ये जवळचा बंगला घेतला आणि आवाजाची तक्रार केली. प्रकरण कोर्टात असताना २०१०मध्ये बंगल्याला आग लागली, तो राहण्याजोगा उरला नाही, आणि खटला मात्र पुढे चालत राहिला, थेट यूकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत. २०१४मध्ये निकाल आला, आणि त्यात एक जुनं तत्त्व पुन्हा पक्कं झालं: आवाज आधीपासून होता आणि तुम्ही नंतर राहायला आलात, एवढ्यावर सुटका नाही. हे सांगताना ब्याण्णव दर वेळी तापतो. ‘‘आवाज आधी होता! हे आले नंतर! आणि तेही रिकाम्या घरासाठी!’’ लगूनाबद्दलही डिसेंबर २०२३मध्ये हायवे ६८वरच्या रहिवाशांच्या गटाने काउंटीवर दावा लावला, तेव्हा तो आठवडाभर जेवला नाही म्हणतात. जेवला असावा, पण चव नव्हती हे नक्की.

या सगळ्या पंथाचा एक मूळ पुरुष आहे आणि त्याचा फोटो ब्याण्णवच्या गॅरेजात, अवजारांच्या फळीवर लावलेला आहे: हायरम पर्सी मॅक्सिम. त्याचे वडील हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन शोधली आणि तिच्या आवाजाने ते बहिरे झाले. मुलाने १९०९मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. न्हाणीत टबातलं पाणी भोवरा करत मोरीत जाताना पाहून त्याला ते सुचलं म्हणतात: वायूला सरळ सोडण्याऐवजी गोल गोल फिरवत दमवायचं. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांसाठीही सायलेन्सर केले. आणि हा माणूस स्वतः मोटारींच्या पहिल्या वेड्यांपैकी. १८९९मध्ये ब्रॅनफर्डला त्याने बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत जिंकली, अमेरिकेतली तशी पहिली मानतात ती. ब्रॅनफर्डही कनेटिकटातच, रविवारी गप्प बसणारं लाइम रॉक आहे त्याच राज्यात. ब्याण्णव या फोटोला नमस्कार करतो की नाही ते ठाऊक नाही, पण दसऱ्याला झेंडूचं एक फूल तिथे असतं.

न सांगता राहवत नाही अशी एक बाब म्हणजे, हाच माणूस मंडळाच्या ढोल-ताशा पथकात आहे. पुढच्या रांगेत. मिरवणुकीच्या सरावाला एकदा त्याने मीटर नेलं, चालू केलं, आकडा पाहिला, आणि खिशात ठेवून दिलं. तो आकडा त्याने आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. सराव एका शाळेच्या पार्किंगमध्ये होता. अंतर वगैरे नीट धरलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

आता त्याची नोकरी घरूनच करायची झाली आहे, तेव्हा त्याने ठरवलं, माँटरेकडे घर घ्यायचं. समुद्र आहे, हवा आहे, मुलं कॉलेजात गेलीत, बायकोलाही पटलं. ट्रॅक पंधरा मिनिटांवर आहे, हे त्याने शेवटी आणि अगदी सहज सांगितलं. एका शनिवारी एजंटने हायवे ६८जवळच्या टेकडीवरचं एक घर दाखवलं. कॅलिफोर्नियात घर विकणाऱ्याला एक लांबलचक कबुलीपत्र द्यावं लागतं. त्यात परिसरात आवाजाचा त्रास आहे का असा प्रश्न असतो. तिथे ‘हो’वर खूण होती. एजंट थोडी ओशाळली. ‘‘ट्रॅक आहे पलीकडे,’’ ती म्हणाली, ‘‘पण मर्यादा अगदी कडक आहे हो.’’

‘‘ब्याण्णव,’’ तो म्हणाला. ‘‘ए-वेटेड, पन्नास फुटांवर.’’

बायको आत ओट्याची लांबी बघत होती. तो गच्चीवर गेला, मीटर काढलं, रेलिंगवर ठेवलं. वारा टेकडीकडून होता. आधी बऱ्याच गाड्या गेल्या, नीट, आज्ञाधारकपणे. चढावर एकेकाचा आवाज क्षणभर उतरायचा आणि पुन्हा चढायचा, आणि प्रत्येक वेळी तो मान डोलवायचा. मग एक गाडी आली ती उतरलीच नाही. सगळा चढ किंचाळत गेली.

‘‘आरएक्स-७,’’ तो म्हणाला. ‘‘पाय उचलत नाहीये हा माणूस.’’

ती पुन्हा आली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्याने मीटरकडे बघितलं सुद्धा नाही. तो आत आला तो थेट एजंटपुढे उभा राहिला.

‘‘इथून काउंटीकडे तक्रार करायची असेल तर नंबर कुठला?’’

‘‘अरे, घर अजून घेतलेलं नाही आपण,’’ बायको ओट्यापाशी टेप धरून म्हणाली.

‘‘घेऊ गं,’’ तो फोन काढत म्हणाला. ‘‘पण ह्याला आधी काळा झेंडा दाखवायला पाहिजे.’’